गुरुवारचं पोट

गुरुवारी तिसऱ्या तासाला
ओडेसा येते माझ्या खोलीत.
दार ढकलत नाही, नुसती टेकते,
दार आपोआप उघडतं.

कुठे दुखतं?
बेंबीच्या जरा वर बोट ठेवते,
दर वेळी त्याच जागी,
नकाशात गाव दाखवावं तसं.

ताप नाही. घसा साफ.
वजन पन्नास पौंड, सप्टेंबरात होतं तेवढंच.
आई म्हणते, खाते हो चांगलं,
पण अंगाला लागत नाही.

रजिस्टरात एक चौकोन आहे: कारण.
अकरा वर्षं झाली मला मिलवॉकीच्या या शाळेत नर्स म्हणून.
चौकोनात 'पोटदुखी' लिहिते,
आणि पेन थोडा वेळ तिथेच टेकवून ठेवते.

संध्याकाळी सहाला तुरुंगातून फोन येतो.
पंधरा मिनिटं.
त्यातलं पहिलं मिनिट मशीनमधल्या बाईचं.
सकाळपासून पोटात गोळा.

एकदा तिने सांगितलं, तक्रार म्हणून नाही,
आज बर्फ पडेल म्हणावं तसं:
भेटीला जाताना पंप बाहेर ठेवावा लागतो,
पिवळ्या ट्रेमध्ये, किल्ल्या आणि नाण्यांसोबत.
म्हणून ती आत हसत नाही.
हसलं की धाप लागते.
बाबा विचारतो, रुसलीस का गं?
ती मान हलवते. हळू. श्वास मोजून.

मार्चमध्ये थेरन घरी आला.
धाकटा कॉर्बिन गादी ओली करायचा थांबला,
सात रात्री. मग पुन्हा.
गुरुवार मात्र रिकामे झाले.
आता ओडेसा सोमवारी येते.
सोमवारी अधिकारी दार ठोठावतो.

एकदा पंप शाळेतच विसरली,
म्हणून मी घरी गेले.
आख्ख्या खोलीत चालू सॉकेट एकच.
थेरन जमिनीवर, पाय भिंतीकडे,
घोट्यावरच्या काळ्या डबीला रोज दोन तास वीज लागते
आणि वायर हातभर.
ओडेसाच्या छातीतून शिट्टी येत होती.

आधी तिचं, तो म्हणाला,
आणि स्वतःची वायर उपटली.
वाफेचं यंत्र घरघरू लागलं.
मास्कवरून तिचे डोळे त्या डबीवर.
हिरवा. हिरवा.
मग लाल.

झालं माझं, ती म्हणाली. मास्क काढला.

कपात औषध अर्ध्याहून जास्त होतं.
मी पाहिलं. त्यानेही पाहिलं.
काही बोलला नाही,
मास्क परत तिच्या नाकावर बसवला,
पट्टी कानामागे नीट केली,
आणि मोजा वर ओढून दिवा झाकला.

पातळ, धुऊन विरलेला मोजा.
आतून लाल
दिसतच होतं.