वारज्याच्या पुलाखाली

मैदान माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं,
तरी उलटा आलो वारज्याच्या पुलाखाली.
पाहुणा म्हणून पोचायचं
तर कुठून तरी यायला हवं.

ट्रॅव्हलर आली. सतरा सीट, एकोणीस माणसं,
काचेला तालमीचा झेंडा,
साताऱ्यात सांडलेल्या चहाचा वास.
"चढ की लेका!" बंडा सावेकर ओरडला,
आणि बावीस वर्षं इस्त्री केलेली माझी भाषा
पायरीवरच चुरगळली.

बावधन, पाषाण, बाणेर.
इथं आपलं हापिस, ही पोरीची शाळा,
मी खिडकीतून दाखवत होतो.
सगळे राइट हाफच्या गुडघ्यावर बोलत होते.

बालेवाडीच्या गेटवर हलगी चालली, काठ्या नाहीत.
मग डब्यातल्या चमच्यांनी वाजवली.
समोरच्या स्टँडला सावली, आम्हाला ऊन.
पहिला गोल खाल्ला तेव्हा इलाहीचाचा म्हणाले,
"बसा रं, अजून लई खेळ हाय."
दुसरा खाल्ला तेव्हा काहीच म्हणाले नाहीत.
शेवटच्या मिनिटाला एक फेडला आम्ही,
आणि त्या एकावर असे नाचलो
की गार्डनं गुपचूप काठ्या परत आणून दिल्या.

परत पुलाखालीच उतरलो.
"पोचलास की फोन कर," बंडा म्हणाला.
त्यांना कोल्हापूर गाठायचं होतं,
मला बाणेर.

दार पोरीनं उघडलं. "कोण जिंकलं?"
"पुणं," म्हणालो,
आणि बुटांची नाडी सोडायला वाकलो
ते जरा जास्तच वेळ.