तोच डबा

कुरेसारेच्या चौकातल्या दुकानात नवा लॅपटॉप आला आहे.
नवा म्हणजे तोच डबा, तोच राखाडी रंग,
तीच बिजागरी, फक्त पोटातला प्रोसेसर बदललेला.
कारेल म्हणतो, "इंजिन बदललं म्हणून होडी नवी होत नाही,"
आणि फेरीबोटीच्या तिकिटामागे दोन रकाने आखतो.

डावीकडे किंमत, अठरा हप्ते.
उजवीकडे, वीस टक्के जास्त वेग.
"कशाच्या वीस टक्के?" तो पेन्सिल कानाला लावून विचारतो.
"म्हाताऱ्या बोलतात, तू ऐकतेस, लिहून घेतेस.
त्या काय आता भरभर बोलणार आहेत, उर्वे?"

मला उत्तर सुचत नाही. मी बटाटे सोलत राहते.

माझा लॅपटॉप नऊ वर्षांचा.
चार्जरची पिन शब्दकोशाखाली दाबून ठेवावी लागते,
तीही एका ठरावीक कोनात.
बॅटरी चहा उकळेपर्यंत टिकते, मुरेपर्यंत नाही.
आणि एक कळ निखळलेली,
डोक्यावर लाट असलेल्या त्या स्वराची,
जो घशात मागे ओढून काढावा लागतो.
कारेल हसतो, "आपल्या बेटावर कोण काढतं तो?
ती मुख्य भूमीवरच्यांची चैन.
तुझा लॅपटॉप आत्ता कुठे इथला झालाय!"

तार्तूहून मेलिकेचा फोन,
"आई, मागच्या वर्षीचा घे, स्वस्त झाला असेल."
"मग पुढच्या वर्षी हाही होईल," बाप मागून ओरडतो.
"मग थांबा."
"थांबतोच आहोत. तू शाळेत होतीस तेव्हापासून."

नोव्हेंबरातल्या एका रात्री
विल्माबाई पन्नास वर्षांपूर्वीच्या टेपवर सांगत होत्या,
बर्फावरून नवरा परतला ती पहाट,
मी दार उघडलं, म्हणाल्या, तर बाहेर
आणि पडदा काळा.
चार्जर हलवला, शब्दकोश हलवला,
शेवटी टेबल हलवलं.
विल्माबाई दारात उभ्या त्या उभ्याच.

सकाळी मी रकाने न बघता दुकानात गेले.
रानो नावाचा पोरगा, काच बाहीनं पुसत,
अगदी प्रामाणिकपणे म्हणाला,
"तुम्हाला फार फरक जाणवणार नाही."

घरी आले, टेप लावली, दचकले.
समुद्र गेला होता.

विल्माबाईंच्या आवाजामागे तो नेहमी असायचा,
लांबवरची एकसुरी घरघर.
मी तशी नोंदही केली होती, चाळीस टेपांच्या माथ्यावर,
माझ्या नीटस अक्षरात, पार्श्वभूमीला लाटा.
इतकी वर्षं
मी पंख्यालाच समुद्र समजत होते.

आता तिथे भिंतीवरचं घड्याळ होतं.
विणायच्या सुया एकमेकींवर आपटत होत्या.
आणि दार उघडण्याच्या जरा आधी,
एक मूल कुजबुजत विचारतं,
"हे यंत्र सगळं ऐकतं का गं?"
कुणीतरी त्याला गप्प करतं.

कारेलला दोनदा ऐकवलं.
चुकलो, असं तो म्हणत नाही, कधीच म्हणालेला नाही.
तिकीट शोधून काढलं, उजव्या रकान्यात लिहिलं, मूल.
मग बराच वेळ डावीकडची किंमत बघत बसला.
"हेडफोन घेतले असतेस तर," तो म्हणाला,
"पंचवीस युरोत भागलं असतं."

खरं आहे ते. मला ते फार लागलं.

आता रोज रात्री एकेका नोंदीतून
समुद्र खोडायचं काम चालू आहे.
लाटेचा तो स्वर आता बिनबोभाट उमटतो,
विल्माबाईंना त्याची गरज नाही.
बत्तिसाव्या टेपपाशी थांबले.
ही धक्क्यावर केलेली, वाऱ्यात,
मागे कुणी जाळी झटकतंय.
दिवा मालवून पुन्हा ऐकली.
इथल्या लाटा राहू दिल्या.

हप्ते सतरा उरलेत.