पार्श्वभूमी वजा करून

गॅमा किरण पुण्यात पोचत नाहीत,
हवा त्यांना वरच्या वर अडवते.
पाषाणच्या या तळमजल्यावर येतो
तो नुसता आकडा, उपग्रहाकडून.
कधी दिवसभरात तीन.
कधी तेही नाहीत.

जोडतारा आहे. एक मोठा, निळा,
स्वतःभोवती इतका गरगरतो
की कमरेपाशी वायू सुटून त्याची चकती होते.
दुसरा मेलेला. सूर्याहून जड,
आणि कात्रज ते निगडी एवढ्यात मावणारा.
(आईला सांगितलं तर म्हणाली,
मग बीआरटीचं काय होतं?)

साडेतीन वर्षांनी एकदा तो जवळ येतो,
चकती फाडत आत, फाडत बाहेर.
त्या आठवड्यासाठी आम्ही गाद्या आणल्या.
डॉ. नीलोफर इनामदार थर्मास घेऊन बसल्या,
नांदेडचा नवा मुलगा बूट न काढता झोपला.
सर्वांत जवळचा क्षण पहाटे चार दहाचा.
दोन.
एक.
दोन.

गाद्या परत गेल्या. बाकीच्या दुर्बिणींनी माना वळवल्या.
मुलं दिवाळीला गावी.
अहवालात मी एक ओळ घातली होती,
जवळ येऊनही गप्प राहणाऱ्यांबद्दल.
मॅडमनी ती लाल पेनाने काढली:
उपमा नकोत, चिंचोरे.

एकतिसाव्या दिवशी,
तो केव्हाच दूर निघून गेल्यावर,
आकडा चढला. नऊ. चौदा. बावीस.
फोन लावला. त्या लक्ष्मी रोडला,
आईच्या चष्म्याची काडी बसवून घेत होत्या,
मागे कुणीतरी घासाघीस करत होतं.
मॅडम, भडकलाय.
थोडा वेळ फक्त हॉर्न.
मग: आधी पार्श्वभूमी वजा करा.

केली.
आकाशगंगेचं विरळ धुकं,
शेजारचा ओळखीचा स्पंदक,
यंत्राची स्वतःची कुरकुर.
माझे हात थरथरत होते, त्याला रकाना नव्हता.

उरले सोळा.
सोळा कण, आठ हजार वर्षांमागे निघालेले,
मुळा-मुठेला अजून कुणी नाव दिलं नव्हतं तेव्हा.
इतक्या उशिरा का, कुणाला ठाऊक नाही.
चकतीचे तुकडे पाठीमागे ओढले गेले असतील,
असं एक म्हणतो. दुसरा नाही म्हणतो.

रिक्षातून त्या उतरल्या
तेव्हा चष्मा हातातच होता, आईचा.
तोच डोळ्यांवर चढवून पडद्याशी वाकल्या,
धूसर, धूसर, म्हणाल्या,
आणि काढला नाही.