कानाशी धरून

तुर्भे स्टोअरमागच्या शेडमध्ये
कौसाबाई घोडके प्लास्टिक ऐकते.

झाकण कानाशी नेते, वाकवते.
काडकन मोडलं तर या गोणीत,
मोडण्याऐवजी घडीवर नुसतं पांढरं पडलं तर त्या.
शंका आलीच तर पाण्यात टाकते:
तरंगलं ते बादल्या-मग्यांच्या भावकीतलं,
बुडालं ते पाइपांच्या.
तरीही मन मानलं नाही तर
काडी ओढते, ज्योत फुंकते,
धूर नाकाला लावते.
मेणबत्तीचा वास आला की मान डोलावते.
डोळे झोंबले की शिवी देते, खोकते,
आणि पुढचा तुकडा घेते.

मी महाप्याहून येतो.
आमच्याकडे याच कामाला मशीन आहे,
काचेच्या खोलीत, एसीत.
सहा महिन्यांनी त्याची तब्येत बघायला
पुण्याहून माणूस येतो.

तिची चूक धरायला मी तीनदा नमुने नेले.
तिसऱ्या वेळी
पुण्याच्या माणसाला फोन केला.

आज हे सगळं तिला सांगितलं.
हसली नाही. म्हणाली,
"त्याला थंडीत बसवता,
त्याला वास कुठून येणार?"

मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र
दोन बोटांत धरलं,
फोटोवर नख वाजवलं,
कडेनं जरा वाकवलं.
मी उगाच श्वास रोखून उभा.

"हे बुडणारं," ती म्हणाली,
"याला भाव नाही."

आणि फीत नीट सरळ करून
माझ्या छातीवर परत सोडलं.