काळी चार

हैदराबाद नाक्यापुढं, पंक्चरवाल्याच्या शेजारी
बालमणी मेरगूचं दुकान.
पट्टा ती आधी उन्हात आणून बघते.
पांढुरका पडलेला परत आत जातो,
कितीही स्वस्त मागा.
मग अंगठ्याचं नख काठावरून फिरवते सावकाश.
बावीस वर्षं यंत्रमागावर चादरी काढल्या,
तुटका धागा नखाला आधी कळतो, डोळ्याला नंतर.
"ह्येबी विणलेलंच की रे," म्हणते,
"फूल नाही, मोर नाही, एवढंच."

शिवलेलं लेबल माझ्या नाकापुढं धरते:
"हा मोठा आकडा तुटायचा.
बांधायचा आकडा त्याचा तिसरा हिस्सा.
लेबल नसलेला पट्टा फुकट दिला तरी घेऊ नको.
गाठ मारू नको. गाठीत निम्मं बळ जातं.
आणि एक पीळ दे. सपाट ठेवलास
तर वाऱ्यात गायला लागतो,
गाणारा पट्टा कडेनं मरतो."

चार घेतले. दोन हजार आठशे. घासाघीस चालत नाही.

त्या दिवशी ट्रेलरवर होती निळी मॅटाडोर,
दारावर अर्धवट खरवडलेलं 'न्यू गुलशन ब्रास बँड',
अक्षरांखाली रंगवलेला कर्णा, त्याला फुटलेली फुलं.
अक्कलकोटात कुणीतरी घेतली,
आत आता कडक भाकरी विकणार.
हुसेनबाशा मास्तर सोबत आले,
किल्ली हातात द्यायची म्हणून. किल्ली तर माझ्याकडंच होती.

इरण्णानं गाडी चढवली,
गियरात टाकली, हँडब्रेक ओढला,
चाकांपुढं लाकडं ठोकली.
अंगाला नाही बांधायचं, पायाला बांधायचं:
अंग स्प्रिंगवर नाचतं, चाक नाचत नाही.
पुढचे दोन सरळ, मागचे दोन फुलीत,
हुक कडीत नीट बसला का
ते हात घालून बघायचं, नुसतं वरून नाही.
रॅचेट कट्कट्कट्,
टायर किंचित दबला तेव्हा थांबलो.
तीन पट्ट्यांना पीळ दिला.
चौथ्याच्या वेळी भावाचा फोन आला.

कुंभारी मागं पडली तसा
मागून एक स्वर सुरू झाला.
मास्तरांनी काच खाली केली.
ऐकलं. मांडीवर बोटं ठेवली,
जणू पेटी तिथंच होती.
"काळी चार," म्हणाले.
मी म्हणालो, पट्टा आहे. पीळ राहिला.
"असू दे. सुरात आहे."

पाच-सात किलोमीटर कुणी बोललं नाही.
दोन्हीकडं तुरी, एक बंद पडलेला ढाबा,
रस्त्याला नवे-जुने ठिगळ.
मग मास्तर एकदम ताठ बसले.
"उतरतोय."
कोण उतरतोय?
"स्वर. पांढरी पाचवर आला... थांबवा. थांबवा की ओ!"

वळसंगच्या अलीकडं बाजूला घेतली.
मागचा उजवा पट्टा ढिला. दोन दाते.
ठिगळांवर आपटून हुक कडीत सरकून बसला होता.
असा पाहायचा म्हणजे मला घाट लागला असता,
नाहीतर पोलीस.
रॅचेट ओढलं. एक, दोन. मास्तर खाली उतरून
पट्ट्यावर बोटानं टिचकी मारत होते,
"अजून. अजून थोडं. हां."

पीळ द्यायचा तर सगळा सोडून पुन्हा बांधावा लागे.
इरण्णा माझ्याकडं बघत होता.
मास्तर मॅटाडोरकडं.
मी म्हणालो, चला, ऊन वाढतंय.

अक्कलकोट येईपर्यंत तो काळी चारवरच होता.

आठवड्यानं बालमणीकडं गेलो, हुक बदलायला.
तिनं पट्टा उचलला, नख फिरवलं,
उजव्या कडेला बारीक लव आली होती,
तिथं थांबली.
"गायला होता?"
होय म्हणालो.
"किती लांब?"
अक्कलकोट.
तिनं गल्ल्याखालची कात्री काढली,
पट्टा मधोमध कापला,
दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून पुन्हा एकदा कापला,
आणि नवा समोर ठेवला.

सातशे रुपये. पूर्ण घेतले.