पाव

त्याला म्हणायचं असतं 'बस',
तोंडातून येतं 'पाव'.

समोर पोंतू. अकरा आठवड्यांचा,
एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.
एंडेलच्या मुठीत सुक्या माशाचा कपटा, नखाएवढा.
'पाव,' तो म्हणतो, आणि स्वतःच दचकतो.
मी चुलीपाशी ओठ मिटून उभी.
शब्द पुरवायचा नाही, असं बाईंनी बजावलंय.

चौतीस वर्षं फेरीबोटीवर दोरखंड सांभाळले या माणसानं.
कुइवास्तूच्या धक्क्यावर त्यानं हाक मारली
की ट्रकवाले इंजिन बंद करून ऐकायचे.
ऑक्टोबरात एका सकाळी, दाढी करताना,
डोक्यात काहीतरी तुटलं
आणि शब्दांची फडताळं एकमेकांत सांडली.
कात्रीला बदक. मंगळवारला जिना.
मला 'ए', नाहीतर नुसतं बघणं.

पिल्लू शेजारच्या लेम्बितनं आणून दिलं, न विचारता.
मी म्हटलं, घरात आधीच एकाला शिकवतेय.

पण पोंतूला शब्दकोश कुठे ठाऊक?
एंडेल मूठ त्याच्या नाकासमोर धरतो,
मग हळूहळू आपल्या डोळ्यांपर्यंत नेतो.
पिल्लू मुठीवर झेपावतं, भुंकतं,
बुटाची नाडी चावून बघतं.
तो थांबतो. थांबणं त्याला आता येतं.
शेवटी मासा सोडून ते वर बघतं,
त्याच्या तोंडाकडे,
ज्या वाकड्या कोपऱ्याकडे गावात कोणी बघत नाही,
आणि मूठ उघडते.

दुसऱ्या दिवशी दोन श्वास बघतं. रविवारी पाच.
मूठ डोक्यावरून मागे सरकली की बूड फरशीला टेकतं.
'पाव', मासा. 'पाव', मासा.
एकदाच म्हणायचं, दहादा नाही.
आणि जमलं की तिथेच आवरतं घ्यायचं,
हे एंडेल कुठून शिकला कोण जाणे,
बोटीवर तर त्याला आवरतं घेणं कधी जमलं नव्हतं.

मार्चमध्ये खाडीवरचा बर्फ करडा पडला.
हंस उतरले, आणि पोंतू त्यांच्यामागे
सरळ बर्फावर.
मी ओरडले, 'ये! मागे फीर! थांब! पोंतू, पोंतू, पोंतू!'
सगळे शब्द बरोबर, जागच्या जागी,
व्याकरणासकट वाऱ्यावर गेले.
बर्फ खालून कण्हला.
एंडेल ओरडला नाही.
उपड्या होडीला टेकून खाली बसला,
काठी बाजूला ठेवली,
आणि एकदाच, रोजच्या आवाजात म्हणाला,
'पाव.'

पोंतूनं वळून त्याचं तोंड शोधलं.
बसला.
खाली पाणी, त्यावर चार बोटं बर्फ,
त्यावर तो, शहाण्यासारखा,
हंस उडून गेले तरी.
मग एंडेलनं डाव्या हातानं मांडी थोपटली
आणि पिल्लू आलं, अंग चोरत, पोट बर्फाला घासत.
मी देवाला कधी हाक मारत नाही.
पण काहीतरी पावलं खरं. कोण, ते विचारू नका.

घरात आता पंचाईत.
जेवताना मी 'पाव दे' म्हटलं
की टेबलाखाली कुणीतरी बसतं आणि हिशेब मागतं.

काल मारीकाबाई आल्या, चित्रांचा गठ्ठा घेऊन.
कप. पक्षी. (एंडेल म्हणाला, 'चावी.')
मग एक काळी राईची लादी, शेजारी सुरी.
तो बघत राहिला. दोन श्वास. पाच.
'पाव.'
'अगदी बरोबर!' बाईंनी टाळी वाजवली.
पोंतू बसला, आणि तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघू लागला.

डब्यातून मी दोन कपटे काढले.
एंडेलनं आपला हुंगून पाहिला,
आणि खाल्ला.