इतिवृत्त, सभा क्रमांक सदतीस

सभा आठ वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली.
बाहेर सदतीस अंश, रात्रीचे.
हजर एकोणतीस. चिटणीस मी, म्हणून मोजले.
विषय एक: अजमानच्या खाडीवर
बंद पडलेल्या होडी-कारखान्यामागे
पुठ्ठ्यांवर झोपणारी अकरा माणसं,
आणि विश्राम धुरींच्या वखारीत पडून असलेली
चार पोर्टाकेबिनं,
दहा फूट बाय आठ. खिडकी एक.

धुरी म्हणाले, रंग मी देतो.
एसी जुने आहेत, पण घरघरत का होईना, चालतात.
रावराणेबाई म्हणाल्या, रंग कुठला?
वीस मिनिटं रंगावर गेली.

कुणी म्हणालं, याला घर म्हणू नका.
घर म्हटलं की माणूस राहतो.
मग काय म्हणू? खोली? खोकं? तात्पुरती सोय?
मी तिन्ही लिहून दोन खोडले.

अकरांत आपले किती?
तीन.
आणि बाकीचे?
बाकीचे त्याच पुठ्ठ्यांवर, धुरी म्हणाले.

प्रभुदेसाईंचा मुद्दा: व्हिसे संपलेत,
पासपोर्ट पळून गेलेल्या मालकाच्या कपाटात.
उद्या नगरपालिकेचा माणूस आला
तर दारावर नाव कुणाचं सांगायचं?
मुद्दा खरा होता. सगळे गप्प झाले.
छतातल्या एसीचं पाणी तेवढं
बादलीत पडत राहिलं.

मग इस्माईल परकार उठले, मूळचे बाणकोटचे,
मासळीच्या गाड्या आहेत त्यांच्या.
"पंचाण्णव साली मी गाडीच्या हौद्यात झोपलोय, चार महिने.
बर्फाचं पाणी पाठीखाली यायचं.
बायको म्हणते वास अजून जात नाही.
व्हिसा होता हां माझ्याकडे."
आणि बसले.
हे अनुमोदन धरायचं का, मी विचारलं नाही.

मागून आवाज आला, पण मुलं खेळतात तिथे.
कुठे? वखारीत?
नाही, म्हणजे, जवळपास.

अकरांपैकी एकजण आला होता.
बोलावलेला नव्हे. धुरींनी खुर्च्या मांडायला आणलेला,
मांडून झाल्यावर तो गेलाच नाही.
भिवा घाडी. वेल्डर.
जहाजाच्या पोटात आडवा पडून सांधे जोडणारा,
भुवया जळून विरळ झालेल्या.
त्याने हात वर केला, शाळेत करतात तसा.
"कडी आतून आहे ना?"

धुरींना आठवेना.
त्यांनी वखारीतल्या पोराला फोन लावला.
एकोणतीस माणसं वाट बघत बसली,
कडी कुठून आहे ते ऐकायला.
बाहेरून, पोरगा म्हणाला,
सामान ठेवायचो ना आपण त्यात.

"मी बसवीन," भिवा म्हणाला,
"दहा मिनिटांचं काम. मशीन तेवढं द्या."

मतदान झालं नाही. उपसमिती नेमली:
धुरी, प्रभुदेसाई, कागदपत्रांसाठी परकार,
रंगासाठी रावराणेबाई.
विषय दोन: गेल्या गणपतीत मोदक फुटले होते,
यंदा ऑर्डर दुसरीकडे द्यावी.
एकमताने मंजूर.

खुर्च्या भिवानेच आवरल्या.

हे सगळं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं.
कडीचं कुठे लिहावं कळेना.
भिवा सभासद नाही,
प्रश्न विषयपत्रिकेत नव्हता.

खाली गाडीपाशी आलो. पार्किंगच्या पिवळ्या रेघा
पावलं टाकून मोजल्या: सोळा फूट, आठ.
महिना दोनशे दिरहम भरतो मी
गाडीला रात्री उभं राहता यावं म्हणून.
पहारेकरी बघत होता. काही हरवलं का, साहेब?
नाही, म्हटलं.

घरी येऊन दार लावलं. कडी घातली.
काढली.
पुन्हा घातली.
"काय चाललंय तुमचं?" आतून आवाज आला.
इतिवृत्त लिहितोय, म्हटलं.